जमेची बाजू

प्रत्येक खात्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. नावेची बाजू कितीही लांबली तरी जमेची एकही रक्कम गाळायची नाही, हा हिशेबाचा पहिला नियम होय. पेढीच्या खतावणीत हा नियम काटेकोर पाळला जातो. आयुष्याच्या वहीत मात्र बहुतेकांचे हानीचे आकडे ठळक शाईत उमटतात आणि लाभाच्या नोंदी राहून जातात. ऑस्ट्रेलियातील एका सामान्य सैनिकाने आपले खाते वेगळ्या रीतीने लिहिले. त्या सैनिकाचे नाव आल्बर्ट बार्नेट फेसी.

आल्बर्टचा जन्म ३१ ऑगस्ट १८९४ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातील मेडस्टोन येथे झाला. वडील पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींकडे पोट भरण्यासाठी गेले आणि १८९६ मध्ये तेथेच विषमज्वराने वारले. आईही पश्चिमेकडे निघून गेली आणि तान्ह्या वयाचा आल्बर्ट आजीच्या पदरात पडला. १८९९ मध्ये आजीने नातवंडांना घेऊन खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास केला व ती कालगुर्लीच्या परिसरात आली. घरात खाणारी तोंडे अधिक आणि मिळकत तुटपुंजी. वयाच्या आठव्या वर्षी आल्बर्ट परक्याच्या शेतावर कामाला लागला. पहिल्याच मालकाने त्याला चाबकाने फोडून काढले आणि ठरलेली मजुरीही दिली नाही, असे त्याने पुढे आत्मकथेत लिहिले. शाळेची पायरी चढण्याचा योग आलाच नाही. अक्षरओळख त्याने मोठेपणी, कामधंदा सांभाळून, स्वतःच्या प्रयत्नाने करून घेतली. गुरांचे कळप हाकणे, जंगलतोड, फिरत्या तंबूत मुष्टियुद्धाचे खेळ करणे अशी नाना कामे करीत त्याने विशी गाठली.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत होती. तरीही युद्धकाळात चार लाखांहून अधिक लोक सैन्यात दाखल झाले आणि त्यांपैकी सुमारे साठ हजार परतले नाहीत. परदेशी लढणारे हे सर्व सैनिक स्वेच्छेने भरती झालेले होते. सक्तीच्या भरतीचा प्रश्न १९१६ आणि १९१७ असा दोनदा जनमताला टाकण्यात आला आणि दोन्ही वेळा लोकांनी तो नाकारला. साध्या शिपायाला दिवसाला सहा शिलिंग वेतन होते. त्यांतील एक शिलिंग सरकार राखून ठेवी आणि सेवामुक्तीच्या वेळी एकरकमी देई. ज्यांनी बालपणापासून बुडालेली मजुरीच पाहिली होती, त्या फेसींना ठरल्या दराने मिळणारे हे वेतन अपूर्वाईचे वाटले असल्यास नवल नाही. जानेवारी १९१५ मध्ये ते भरती झाले आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ११व्या बटालियनमधून तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पोहोचले.

गॅलिपोलीची मोहीम २५ एप्रिल १९१५ रोजी सुरू झाली आणि आठ महिन्यांनी माघारीत संपली. समोर उंच कडे, त्यांवर तुर्की सैन्याचे मोर्चे, पाठीशी समुद्र आणि मध्ये अरुंद पट्टी, अशी ती जागा. पाणीदेखील बाहेरून आणावे लागे. ते आणि दारूगोळा वरच्या खंदकांपर्यंत वाहून नेण्याचे कष्टाचे काम भारतीय खेचरवाहक दलांनीही केले. या मोहिमेत आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक मृत्युमुखी पडले. फेसींचे दोन भाऊ, रॉय आणि जोसेफ, त्यांत होते. फेसी स्वतः ऑगस्टमध्ये आजारी व जायबंदी अवस्थेत रणभूमीवरून हलवले गेले. सुमारे चार महिन्यांची ही सेवा; तिने शरीराला जन्मभराचे दुखणे दिले.

हिशेब तपासणाऱ्याने येथे एक नोंद करणे आवश्यक आहे. पहिल्याच दिवशी आपण किनाऱ्यावर उतरलो, असे फेसींनी लिहिले. सैन्याची कागदपत्रे मात्र ते मेच्या पहिल्या आठवड्यात पोहोचल्याचे दाखवतात. माघारी पाठवण्याचे कारणही कागदांत हृदयविकार असे आहे, तर आत्मकथेत स्फोटात झालेल्या दुखापतींवर भर आहे. साठ वर्षांनंतरच्या आठवणीत तारखा सरकतात, ऐकलेले आणि भोगलेले एकमेकांत मिसळते. दोन वह्यांचा मेळ बसत नसेल तर फरक दडवू नये, तसाच त्या फरकामुळे सारा व्यवहार खोटाही ठरवू नये. भावांचे मरण आणि मोडलेली प्रकृती या रकमा दोन्ही वह्यांत सारख्याच आहेत.

गॅलिपोलीच्या याच खंदकांत जमेची एक नोंद पडली. सैनिकांसाठी मायदेशाहून आलेल्या भेटवस्तूंतून फेसींच्या वाट्याला लोकरी मोज्यांचा एक जोड आला. सोबतच्या चिठ्ठीवर बनबरी गावच्या एव्हलिन गिब्सन या मुलीचे नाव होते. परतल्यावर पर्थ शहरात दोघांची योगायोगाने गाठ पडली आणि ऑगस्ट १९१६ मध्ये विवाह झाला. हा संसार १९७६ मध्ये एव्हलिनच्या निधनापर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे टिकला. फार दिवस जगणार नाही, असे ज्याच्याविषयी सांगण्यात आले होते, त्या माणसाने हा संसार केला.

युद्धानंतर सरकारने माजी सैनिकांना शेती देण्याची योजना आखली. पुष्कळांची समजूत अशी की जमीन बक्षीस मिळाली. प्रत्यक्षात ते कर्ज होते. जमीन, अवजारे, जनावरे या सर्वांची किंमत व्याजासह फेडायची होती. फेसींनी पर्थच्या ट्रामवरील नोकरी सोडून १९२२ मध्ये विकेपिन भागात अशी जमीन घेतली. या योजनेची चौकशी न्यायमूर्ती पाइक यांनी केली. १९२९ च्या त्यांच्या अहवालात नुकसान सुमारे २ कोटी ३५ लाख पौंड धरले आहे आणि अपुरे भांडवल, अपुरी जमीन, शेतीला अयोग्य माणसांची निवड व शेतमालाच्या भावातील घसरण ही चार कारणे दिली आहेत. व्यापारी घरातील कोणालाही पहिले कारण उलगडून सांगण्याची गरज नाही. हाती खेळते भांडवल नसता घेतलेले कर्ज पहिल्या वाईट हंगामातच मानेवर बसते.

वाईट हंगाम लवकरच आला. १९३० मध्ये केंद्र सरकारने शेतकऱ्यांना अधिक गहू पेरण्याचे आवाहन केले आणि बुशेलला चार शिलिंगांची हमी देऊ केली. शेतकऱ्यांनी विश्वासाने पेरणी वाढवली. पण हमीचे विधेयक वरिष्ठ सभागृहात नामंजूर झाले आणि भाव दोन शिलिंगांच्या आसपास कोसळला. माल भरपूर, भाव नाही आणि व्याज मात्र चालू. बारा वर्षांच्या कष्टांनंतर १९३४ मध्ये फेसी कुटुंबाने शेती सोडली आणि फेसी पुन्हा ट्रामच्या नोकरीत रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे तीन मुलगे सैन्यात गेले. त्यांतील थोरला १९४२ मध्ये सिंगापूर येथे मारला गेला.

नावेची बाजू येथे भरून वाहते. पोरकेपण, बुडालेली मजुरी, दोन भाऊ, शरीर, शेती आणि थोरला मुलगा. अशा माणसाने उतारवयात, पत्नीच्या आग्रहावरून, साध्या वह्यांत आपली जीवनकथा लिहून काढली. घरच्यांसाठी वीस प्रती छापून मिळाव्यात, एवढीच इच्छा धरून ते हस्तलिखित फ्रीमंटल येथील एका छोट्या प्रकाशनाकडे गेले. १९८१ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा लेखकाचे वय ८६ होते. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या, शाळांतून ते शिकवले गेले. लेखक मात्र फेब्रुवारी १९८२ मध्ये निवर्तले. पुस्तकाचे नाव ‘अ फॉर्च्युनेट लाइफ’, म्हणजे भाग्यवंताचे आयुष्य.

या नावात उपरोध नाही आणि सोसलेल्याचा विसरही नाही, कारण चाबकापासून सिंगापूरपर्यंतची प्रत्येक हानी त्या पुस्तकात लिहिलेली आहे. फेसींनी एवढेच केले, की आजीने दिलेला आसरा, रस्त्यात अनोळखी माणसाने वाढलेले जेवण, मोज्यांचा एक जोड आणि पत्नीची साठ वर्षांची सोबत या रकमा किरकोळ म्हणून सोडून दिल्या नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या नावाने जमा केल्या आणि मगच बेरीज मारली. घरोघरी वडीलधाऱ्यांच्या मनात अशी खाती उघडी पडून आहेत. ती लिहून घेण्यास एक साधी वही पुरते. उशीर मात्र परवडत नाही.