कसेल तिची जमीन?

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली आणि १९४८ च्या कूळकायद्याने अनेक कुळे जमिनीची मालक झाली. मात्र घोषणेतला ‘त्याची’ हा शब्द आपल्या समाजाने फारच शब्दशः घेतला. भातलावणी, निंदणी, खुरपणी, कापूसवेचणी ही कामे बहुतांशी बाईच करते. सातबाऱ्यावर नाव असते ते बापाचे, नवऱ्याचे किंवा मुलाचे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिती खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १३.८७ टक्के होते.

नुसत्या नावाने काय होते, असे कोणी विचारील. पीककर्जासाठी सोसायटीत गेले की पहिला प्रश्न उताऱ्याचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार रुपयेही जमीनधारक कुटुंबालाच. उतारा नसला, तर जन्मभर राबूनही ती शेतकरी ठरत नाही.

कायदा मागे राहिला, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. मात्र आधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. त्या वेळी वडील हयात असोत वा नसोत, मुलीला हा हक्क जन्मतःच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

मग घोडे अडते कुठे? ते अडते हक्कसोडपत्रापाशी. वडिलांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणीपुढे कागद येतो. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही धास्ती. साडीचोळीवर एकरभर जमीन सुटते आणि कागदावर नोंद होते ‘राजीखुशीने’ अशी.

सासरी नवऱ्याच्या हयातीत पत्नीला त्याच्या जमिनीत आपोआप वाटा नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून शेतकऱ्यांना जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, आणि अनेकांनी तो केलाही. पुरुषाचे मन वळू शकते, हे तेव्हा दिसले. परंतु हक्क कोणाच्या मन वळण्यावर किती काळ सोडायचा?

हक्कसोडपत्र नोंदवण्यापूर्वी बहिणीला एकटीला बोलावून तिच्या हिश्श्याचे क्षेत्र आणि किंमत सांगावी, फेरविचाराला मुदत द्यावी, एवढी तरतूद सरकारला अवघड नाही. भाऊबीजेला भावाने ओवाळणी जरूर घालावी. मात्र ती हिश्श्याची भरपाई समजू नये.