खोट मोजण्याची दोन मापे

काव्य दोषरहित असावे, अशी अट मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त घातली. त्यावर विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आक्षेप घेतला की, ही अट काटेकोर पाळली तर काव्य म्हणवून घेण्यास पात्र असे फारसे काही उरणारच नाही, किड्याने पोखरलेले रत्न रत्नच राहते, मात्र त्याची प्रत उणावते. हा वाद आपण वर्गात शिकवतो, परीक्षेत त्यावर टीप लिहितो आणि विसरून जातो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तो एका लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा उभा राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेहकर तालुक्यातील आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून तिला लॅपटॉप घेऊन दिला. दुकानात खोके उघडून दाखवले नाही. घरी पडदा उजळला, तेव्हा पांढऱ्या पानावर दोन काळे ठिपके कायमचे बसलेले दिसले. देवनागरी मजकूर वाचताना अक्षराच्या डोक्यावर आहे तो अनुस्वार की पडद्याचा दोष, असा प्रश्न तिला पडू लागला. ती परत गेली, तेव्हा दुकानदाराने बिलाखालच्या छापील ओळीवर बोट ठेवले: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितले की, दोन ठिपके ‘स्वीकारार्ह मर्यादेत’ बसतात. आणि आमच्यापैकी काहींनी तिची समजूत काढली: दोनच तर ठिपके आहेत, सवय होईल. त्या समजुतीची आम्हांला आज लाज वाटते.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडू. 1366 × 768 मापाच्या पडद्यावर 10 लाख 49 हजार 88 ठिपके असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपठिपके आणि प्रत्येक उपठिपक्यामागे त्याचा स्वतंत्र ट्रान्झिस्टर. म्हणजे एका काचेवर एकतीस लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर. त्यांतला एखादा निकामी निघतो, आणि तेवढ्यासाठी काच फेकली तर पडदे सर्वांनाच महाग पडतील. म्हणून 2001 च्या आयएसओ 13406-2 या मानकाने पडद्यांचे चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्यात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि उपठिपक्यांचे पाच दोष चालतात. पुढे मुभा वाढत जाते. 2008 मध्ये या मानकाची जागा आयएसओ 9241 मालिकेने घेतली, पण वर्ग पाडण्याची रीत राहिली. हे सारे आम्हांला मान्य आहे. निर्दोष वस्तूचा हट्ट धरणारे मम्मटपंथी आम्ही नव्हे.

आमचा आक्षेप निराळा आहे. विश्वनाथाच्या युक्तिवादाचा पूर्वार्ध कंपन्यांनी उचलला आणि उत्तरार्ध गाळला. पोखरलेले रत्न रत्नच, हे त्या सांगतात. त्याचे मोल उणावते, हे सांगत नाहीत. वर्ग पाडलेले आहेत, तर हातातला पडदा कोणत्या वर्गाचा, हे गिऱ्हाइकाला खरेदीपूर्वी कळायला नको काय? दोन ठिपक्यांच्या पडद्याची किंमत बिनठिपक्याच्या पडद्याइतकीच का? आणि ‘स्वीकारार्ह’ या शब्दाचा कर्ता कोण? ज्या मुलीने तो पडदा स्वीकारायचा, तिला कोणी विचारले होते?

याच जिल्ह्यात खोट मोजण्याचे दुसरे माप रोज वापरात आहे. खामगावची कापसाची पेठ जुनी. 1870 मध्ये जलंबहून तेथवर रेल्वेचा फाटा आला तो कापसाच्या ओढीने. तेथे शेतकरी कापूस आणतो, तेव्हा बोंडाला हात लावल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. भारतीय कपास निगमाच्या हमीभाव खरेदीत 8 टक्के आर्द्रतेपर्यंत पूर्ण भाव मिळतो, पुढे 12 टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते आणि त्यावरचा कापूस घेतलाच जात नाही. शेतकऱ्याच्या मालातील एकेक टक्का दोष रुपयांत मोजला जातो. तोच शेतकरी गिऱ्हाईक होऊन दुकानात गेला की माल सीलबंद, तपासणी घरी गेल्यावर आणि दोष ‘मर्यादेत’. विकतानाही कपात त्याचीच, घेतानाही सहन त्यानेच करायचे.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो प्रथम आपलाच आहे, कारण येथील लढाई एका व्याख्येची आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ म्हणजे कायद्याने, व्यक्त वा गर्भित कराराने, किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने अपेक्षित असलेल्या दर्जातील उणीव. विक्रीपूर्वी न दाखवलेले इंग्रजी धोरणपत्र हा करार मानायचा काय, हा प्रश्न वाचनाचाच आहे. बिलाखालची ती छापील ओळही सर्वशक्तिमान नाही. बिलात मुदत दिली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, याला कलम 2(47) अनुचित व्यापारी प्रथा म्हणते. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे, म्हणजे येथे बुलढाण्यात, करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.

आमची मागणी साधी आहे. पडद्याचा वर्ग आणि ठिपक्यांची मर्यादा खोक्यावर मराठीत छापावी. पैसे घेण्यापूर्वी काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाचही रंग पडदाभर करून दाखवावेत. आणि दोष निघाला तर एक तर माल बदलावा, नाही तर कापसाप्रमाणे भावात कपात करावी. तोवर विद्यार्थ्यांनी लॅपटॉप दुकानातच उघडून पाहावा आणि दुकानदाराचे तोंडी आश्वासन बिलावर लिहून घ्यावे.

त्या विद्यार्थिनीने आयोगाकडे द्यावयाचा अर्ज मराठीत लिहिला आहे. तपासताना आम्ही दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ‘स्वीकारार्ह’ हा शब्द तिने अवतरणचिन्हांत घातला होता. तो तसाच राहू दिला.