अक्षरसाम्य म्हणजे नाते नव्हे

चर्चासत्र मराठी विभागाचे असो वा इंग्रजी विभागाचे, स्त्रीवादी समीक्षेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'हिस्टरी' म्हणजे 'हिज स्टोरी', पुरुषाने सांगितलेली पुरुषाची गोष्ट. या वाक्याला टाळ्या मिळतात. मग ते टिपणवहीत जाते, तेथून उत्तरपत्रिकेत, आणि पुढे केव्हातरी प्रबंधाच्या प्रास्ताविकात. या प्रवासात ते कोटी राहत नाही, पुरावा होऊन बसते. आमचा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे.

इतिहासलेखन दीर्घकाळ पुरुषांच्या हाती राहिले, या विधानाशी आमचे भांडण नाही. ते विधान खरे आहे, आणि त्याच्या सिद्धीसाठी दफ्तरे, बखरी, चरित्रे अशी साधने विपुल आहेत. प्रश्न आहे तो त्या विधानाखाली ठेवलेल्या टेकूचा. खऱ्या निष्कर्षाला खोटा पुरावा जोडला, की पुरावा कोसळताना निष्कर्षाची पतही जाते; विरोधकाला आयतेच कोलीत मिळते.

'हिस्टरी' हा शब्द ग्रीक 'हिस्टोरिया'पासून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. हिस्टोरिया म्हणजे चौकशी, शोध घेऊन मिळवलेले ज्ञान. हेरोडोटसने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हा शब्द या अर्थाने योजला आहे. त्याच्या मागे 'हिस्टोर' हा शब्द, म्हणजे जाणता. आणि त्याच्याही मागे जो धातू आहे तोच संस्कृतात 'विद्' म्हणून नांदतो. वेद, विद्या, विद्वान ही 'हिस्टरी'ची भावंडे. इंग्रजीतले 'विट' आणि 'वाइज' ही भावंडे. लॅटिनच्या वाटेने आलेले 'व्हिजन' आणि 'व्हिडिओ' हीही त्याच घरची. 'हिज' मात्र 'ही' आणि 'हिम' यांच्या सर्वनामकुळातला, त्याचा या घराशी काही संबंध नाही. राहता राहिली 'स्टोरी'. ती तर 'हिस्टोरिया'चीच फ्रेंचमार्गे आलेली लेक. तेव्हा 'हिस्टरी'ची फोड 'हिज स्टोरी' अशी करणे म्हणजे लेकीच्या नावावरून आईची जन्मपत्रिका मांडणे होय.

गंमत अशी, की ही सारी इमारत केवळ रोमन लिपीतील एच-आय-एस या तीन अक्षरांवर उभी आहे. देवनागरीत लिहिताच ती ढासळते : एकीकडे 'हिज'मधला ज, दुसरीकडे 'हिस्टरी'तला स. ज्यांच्या भाषेत शब्द 'इतिहास' असा आहे, इति-ह-आस, म्हणजे 'असे खरोखर होते', त्यांनी तरी ही कोटी पुरावा म्हणून का वाहावी? उद्या कोणी 'इतिहास' शब्दात 'हास' शोधून काढला आणि इतिहास हा मूळचा विनोदी वाङ्मयप्रकार असल्याचे प्रतिपादले, तर आपण त्याला वेड्यात काढू. 'हिज स्टोरी'ची कारागिरी याहून निराळी नाही.

आता याच जातीचा दुसरा नमुना. 'वुमन'मध्ये 'मॅन' आहे, 'फीमेल'मध्ये 'मेल' आहे, 'ह्यूमन'मध्येही 'मॅन' आहे, आणि 'मेनोपॉज'पासून 'मेंटल'पर्यंत साऱ्या पीडांच्या आरंभी 'मेन' आहेत, असे विनोदाने सांगितले जाते आणि गांभीर्याने ऐकले जाते. एकेक शब्द तपासू. 'ह्यूमन' हा लॅटिन 'ह्युमानस'पासून आला. त्यात इंग्रजी 'मॅन' नाही, म्हणून तर त्याचे अनेकवचन 'ह्यूमेन' होत नाही. 'मेनोपॉज'मधला 'मेन' म्हणजे ग्रीक भाषेतला महिना, आपल्या 'मास' शब्दाचा सगोत्र. ज्याला आपण मासिक पाळी म्हणतो, तिच्याच नावातला तो मास. 'मेंटल'चे मूळ लॅटिन 'मेन्स', म्हणजे मन. त्याचे गोत्र 'मति' आणि 'मनस्' यांचे. 'मॅन्युअल' आणि 'मॅन्युस्क्रिप्ट' यांत 'मानुस', म्हणजे लॅटिनमधला हात. अक्षरे तीच, पण घरे चार.

'वुमन'मध्ये मात्र खरोखरच 'मॅन' आहे, आणि नेमकी हीच कथा कोटीबाज मंडळी सांगत नाहीत. जुन्या इंग्रजीत 'मॅन' याचा अर्थ मनुष्य, स्त्री वा पुरुष कोणीही. पुरुषासाठी वेगळा शब्द होता 'वेर', आणि स्त्रीसाठी 'वीफ'. 'वीफ' आणि 'मॅन' मिळून 'वीफमॅन', त्याचेच पुढे 'वुमन' झाले. मराठी वाचकाला हा समास समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण तो आपल्या बोलण्यात रोज असतो : बाईमाणूस. इतकेच नव्हे, तर 'मॅन' आणि आपला 'मनुष्य', म्हणून 'माणूस'ही, एकाच मुळातले मानले जातात. येथे नाते आहे, पण ते तीन अक्षरांमुळे नव्हे.

पुढे काय घडले? 'वेर' लोप पावला. आज तो 'वेअरवुल्फ' या लांडगामाणसाच्या नावासारख्या मोजक्या शब्दांत उरला आहे. त्याची रिकामी जागा 'मॅन'ने घेतली. जो शब्द सर्वांचा होता तो अर्ध्यांचा झाला, आणि तरीही 'मॅनकाइंड'सारख्या शब्दांतून सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याने स्वतःकडेच ठेवला. इकडे 'वीफ' आक्रसत जाऊन 'वाइफ', म्हणजे केवळ पत्नी, झाली. 'मिडवाइफ' या सुईणीच्या नावासारख्या मोजक्या शब्दांत तिचा जुना, स्त्री एवढाच, अर्थ तग धरून आहे. एका भाषेत पुरुषाने मनुष्यत्वाचे नाव आपल्या नावावर करून घेतले आणि स्त्रीची ओळख लग्नाशी जखडली गेली, याचा याहून सज्जड कागद कोणता हवा? हा कागद कोशात उघडा पडलेला असताना आपण 'हिज स्टोरी'ची चिठ्ठी फडकवत बसतो, याचे आम्हांस दुःख आहे.

आणखी एक उदाहरण. लॅटिनमध्ये पुरुषाला 'वीर' म्हणत. हा आपल्या 'वीर' शब्दाचा आणि लोप पावलेल्या 'वेर'चा सगोत्र. त्यापासून 'विर्तुस', म्हणजे पौरुष. आणि त्यापासून इंग्रजी 'व्हर्च्यू', म्हणजे सद्गुण. सद्गुणाचे नावच पुरुषावरून पडले! आपल्याकडे धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांना 'पुरुषार्थ' म्हणतात, हे या संदर्भात आठवावे. पण म्हणून व्ही-आय-आर ही अक्षरे दिसतील तेथे पुरुष शोधू नये. 'व्हायरस'मध्ये वीर नाही; तेथे लॅटिन 'वीरुस', म्हणजे विष आहे, आणि ते आपल्या 'विष' शब्दाचेच भावंड आहे. एकाच तीन अक्षरांत एकीकडे वीर आणि दुसरीकडे विष. कोश उघडल्यावाचून यांतले काय कोठे आहे, हे कोणाला कळणार?

येथे एक अप्रिय तुलना करणे भाग आहे. पु. ना. ओक यांनी 'ख्रिश्चॅनिटी' म्हणजे 'कृष्णनीती' आणि 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका' असे प्रतिपादन केले, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. थट्टा योग्यच होती. 'ख्राइस्ट' हा ग्रीक शब्द, अर्थ अभिषिक्त, हिब्रू 'मशीहा'चा अनुवाद. 'कृष्ण' म्हणजे काळासावळा. 'व्हॅटिकन' हे रोममधील एका टेकडीचे लॅटिन नाव. तेथून 'वाटिके'पर्यंत नेणारा ना दस्तऐवज आहे, ना ध्वनिनियम. परंतु आमचा प्रश्न असा, की ओकांची पद्धती आणि 'हिज स्टोरी'वाल्यांची पद्धती यांत फरक कोणता? दोन्हीकडे कानाला वा डोळ्याला सारखे वाटणारे शब्द घ्यायचे, मधली शतके आणि मधल्या भाषा वगळायच्या, आणि आधीच ठरलेला निष्कर्ष शब्दाच्या तोंडून वदवून घ्यायचा. निष्कर्ष नावडता असला की पद्धती हास्यास्पद आणि आवडता असला की तीच पद्धती 'विखंडन', हा दुटप्पीपणा आहे.

मग नाते ठरवायचे कसे? विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाविषयी भाषण केले आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ साली जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांचा नियम मांडला. तेव्हापासून या प्रश्नाला उत्तर आहे. सुटे साम्य मोजायचे नाही. शब्दांच्या रांगांत नियमाने होणारा बदल पाहायचा. मूळ 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो : पितृ आणि 'फादर', पाद आणि 'फुट', पंच आणि 'फाइव्ह'. म्हणूनच जे मुळीच सारखे दिसत नाहीत ते सख्खे असू शकतात. 'व्हील' आणि 'चक्र' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. उलट इंग्रजी 'बॅड' आणि आपल्या बदनाम, बदलौकिक, बदफैली यांतला फारसी 'बद', अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, पण नाते शून्य. फारसी शब्दाचे जुने रूप 'व'ने सुरू होत असे. खऱ्या नातलगांचा शोध मागे न्यावा तसे ते जवळ येतात, खोटे नातलग दूर जातात. ही कसोटी कोणत्याही विचारसरणीची बटीक नाही.

कोणी म्हणेल, यास्काचार्यांनीही निरुक्तात अक्षरसाम्यावरून निर्वचन करण्यास मुभा दिली आहे. दिली आहे, पण अगदी अखेरचा उपाय म्हणून, आणि अर्थाला प्रधान मानून. शिवाय एकाच शब्दाची दोन-तीन निर्वचने ते शेजारी शेजारी ठेवतात. त्यांना मंत्राचा अर्थ उजळायचा आहे, शब्दाचा जन्मदाखला द्यायचा नाही. निर्वचन आणि व्युत्पत्ती यांतला हा भेद ज्याला पाळता येतो, त्याने खुशाल निर्वचने करावीत. श्लेष हा तर कवीचा हक्कच आहे. १९७०च्या आसपास अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीने 'हर्स्टोरी' हा शब्द घडवला, तो डोळे उघडणारी घोषणा म्हणून, आणि घोषणा म्हणून तो चोख आहे. घोषणेला दाखला समजण्याची चूक तिच्या श्रोत्यांची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खोट्या साम्यालाही इतिहास असतो. हे खरे. 'फीमेल' हा शब्द लॅटिन 'फेमिना'च्या लघुरूपातून फ्रेंचमार्गे 'फेमेल' असा आला. चौदाव्या शतकाच्या सुमारास 'मेल'च्या शेजारी राहून राहून त्याचे रूप बदलले. दोन वेगळ्या घरचे शब्द जोडपे मानले गेले आणि जोडप्यासारखे दिसू लागले. लोकांना काय सारखे वाटले, हाही अभ्यासाचा उत्तम विषय आहे. पण तो अभ्यास करायलाही आधी खरे मूळ ठाऊक असावे लागते. नाहीतर बदल झाला हेच कळत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत 'मूळ शब्दां'च्या याद्या असतात, त्यांनी शब्दसंग्रह वाढतो, मग बिघडले कोठे? अशा यादीत पी-ई-डी म्हणजे पाय असे दिलेले असते. 'पेडल' आणि 'पेडेस्ट्रिअन' यांना ते लागू पडते, कारण तेथे लॅटिनमधला पाय आहे. पण 'पेडॅगॉजी' आणि 'पीडिअ‍ॅट्रिक्स' यांत ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल आहे. 'ऑर्थोपेडिक' पाहून विद्यार्थी पायांचा डॉक्टर असे सांगतो. वस्तुतः निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली हा शब्द घडवला तो मुलांचे वाकडे अवयव सरळ करण्याच्या विद्येसाठी. ब्रिटिश वर्णलेखनात अशा शब्दांत एक 'ए' अधिक असतो, तो याच मुलाची खूण. अमेरिकन वर्णलेखनाने तो गाळला आणि मूल पायात मिसळून गेले. मराठीत ही चूक आपण कधी करत नाही. नगरकर नगरचे असतात, म्हणून दिनकर 'दिन' नावाच्या गावचे ठरत नाहीत. आणि 'चाकर' तर फारसीतून आलेला. आपल्या भाषेत जो विवेक आपण नकळत पाळतो, तो परक्या भाषेत शिरताच दाराबाहेर का ठेवावा?

साहित्याच्या शिक्षकांकडे आमची मागणी मोठी नाही. प्रबंधात शब्दाची फोड आली, की तिचा कोशातला आधार मागावा. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा महाकोश १९२८ साली पूर्ण झाला, मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ पासून आहे. ग्रंथालयाच्या कपाटात ही पुस्तके न उघडता पडून राहावीत आणि वर्गात कोट्या शिकवल्या जाव्यात, हे विद्यापीठाला शोभत नाही.

आणि स्त्रीवादी समीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत 'हिस्टरी म्हणजे हिज स्टोरी, चर्चा करा' याऐवजी एकदा असा प्रश्न घालून पाहावा : 'मॅन'ने 'वेर'ची जागा घेतली, तेव्हा स्त्रीच्या हातून कोणता शब्द गेला? मराठीत पुरुषमाणूस आणि बाईमाणूस हे दोन्ही शब्द अजून वापरात आहेत. मग 'तिचा माणूस' असे आपण म्हणतो, तेव्हा तो माणूस कोण असतो?