निवेदनावर सही करण्याआधी



कल्याणच्या एका महिला मंडळाकडून आमच्याकडे निवेदनाचा मसुदा आला आहे. मोबाइलवरच्या अश्लील चित्रफिती आणि अ‍ॅप यांवर सरकारने सरसकट बंदी घालावी आणि सिनेमातला 'फक्त प्रौढांसाठी' हा वर्गच काढून टाकावा, अशी त्यात मागणी आहे. ठाणे-डोंबिवलीतल्या काही गटांच्या सह्या झाल्यात. आपली झालेली नाही. ती का झाली नाही हे तुमच्याशी बोलायला हवं, कारण निवेदन लिहिणाऱ्या बायकांच्या रागाशी आमचं भांडण नाही. तो राग आमचाही आहे आणि जुना आहे.

जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, १९९० च्या आसपास डोंबिवलीत शनिवारी रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायची पद्धत होती. घरच्यांसाठी एक कॅसेट, आणि मुलं झोपली की दुसरी. आमच्याकडे तेव्हा येणारी एक बाई म्हणायची, "ताई, तो बघतो त्याचं काही नाही. पण मग मलाही तसंच कर म्हणतो आणि नाही म्हटलं की मारतो." त्याच काळात स्टेशनजवळच्या एका थिएटरात सकाळच्या खेळाला जे चालायचं, त्याची पोस्टरं बघतच आपण लोकल पकडायचो. सिनेमाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट असायचं. मध्येच जोडलेल्या रिळाला नसायचं. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर ठरलेलं: "बाई, सर्टिफिकेट आहे ना त्यांच्याकडे!" खरं तर सर्टिफिकेट मिळाल्यावर सिनेमात फेरफार करून तो दाखवणं हा १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो रोखणं हे मंडळाचं नव्हे, राज्याच्या पोलिसांचं काम. म्हणजे कात्री मुंबईत चालायची आणि कापलेला तुकडा आपल्याकडे प्रोजेक्टरच्या खोलीत परत जोडला जायचा. बंदी नव्हती म्हणून हे झालं नाही. बंदी होतीच.

ही कात्री आली कुठून, तेही पाहू. इंग्रजांनी १९१८ साली सिनेमाचा कायदा केला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं नेमली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष होते पोलीस कमिशनर! साहेबाची एक मोठी काळजी अशी की, अमेरिकन सिनेमातल्या अर्ध्या कपड्यातल्या गोऱ्या बायका पाहून 'नेटिव्ह' पुरुषांच्या मनातला राज्यकर्त्यांचा दबदबा कमी होईल. बाईचं काय होईल, ही काळजी नव्हती. बाईमुळे कोणाची अब्रू जाईल, ही होती. पुढे १९४९ मध्ये 'यू' आणि 'ए' असे दोन वर्ग झाले, १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ आलं, १९५२ चा कायदा आला. साहेब गेला, काळजी तीच राहिली.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या छोट्या माहितीपटाचा खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. चार शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारीशेजारी दाखवताना त्यांनी मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्यं घेतली होती. ती कापा, नाहीतर 'यू' मिळणार नाही, असं मंडळाने सांगितलं. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीच सेन्सॉर करणं घटनेत बसतं असा निकाल दिला, मात्र लैंगिक विषय म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हेही बजावलं. ज्या बायका त्या वस्तीत जगत होत्या त्यांचं जगणं कोणाला अश्लील वाटलं नाही. ते पडद्यावर आलं तेव्हा वाटलं.

मग स्त्री चळवळीचा दबाव आला. मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत बाईची मानहानी करणारी दृश्यं, बलात्काराची रंगवून दाखवलेली दृश्यं टाळण्याचा उल्लेख आला; १९९१ च्या तत्त्वांत तो स्पष्टच आहे. ही आपली कमाई, आणि ती आम्ही नाकारत नाही. बाईची लाचार गुलामगिरी गौरवली म्हणून 'पति परमेश्वर' या सिनेमाला मंडळाने सर्टिफिकेट नाकारलं तेव्हा अनेकींना आनंद झाला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि १९८९ मध्ये सिनेमा लागलाच. रोज सासरी घडणारी गुलामगिरी पडद्यावरून कापून कमी झाली असती का, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. आम्हीही नाही.

आपल्याला खरा धडा दिला तो 'बॅंडिट क्वीन'ने. कोर्टात वाद झाला नग्न दृश्यांवर, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा 'ए' म्हणून योग्य ठरवला. पण त्याआधी खुद्द फूलनदेवी न्यायालयात गेल्या होत्या. जिवंत बाईवरचा बलात्कार तिला न विचारता कसा दाखवता, हा त्यांचा सवाल होता. पुढे त्यांनी आक्षेप मागे घेतला, पण सवाल उरतोच. कपडे किती होते हे मोजायला मंडळ होतं. संमती विचारायला कोणी नव्हतं.

आणि बंदीचं हत्यार कोणाच्या हातात जातं, तेही पाहिलंय आपण. 'फायर' मंडळाने मंजूर केला होता. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत थिएटरांवर चालून गेल्या त्यात शिवसेनेच्या महिला आघाडीच्या बायकाच पुढे होत्या, आपल्यासारख्याच साड्या नेसलेल्या. सरकारने सिनेमा पुन्हा मंडळाकडे धाडला. दोन बायकांचं प्रेम अश्लील ठरवायची ती घाई होती. २०१७ मध्ये 'न्यूड' या मराठी सिनेमाला गोव्याच्या महोत्सवातून मंत्रालयाने वगळलं. जे. जे. मध्ये चित्रकारांसमोर बसून पोटापाण्याचं कमावणाऱ्या बाईची ती गोष्ट. पुढे २०१८ च्या सुरुवातीला मंडळाने तो एकही काट न देता 'ए' म्हणून मंजूर केला. 'प्रौढांसाठी' हा वर्गच काढून टाकला, तर असे सिनेमे जाणार कुठे?

विजय आनंद मंडळाचे अध्यक्ष असताना त्यांनी वेगळा मार्ग सुचवला होता: हे सिनेमे चोरून दाखवले जातातच, तर ठरावीक थिएटरांत, कायद्याच्या नजरेखाली दाखवा. सरकारने ते मानलं नाही आणि जुलै २००२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो मार्ग आम्हाला पूर्ण पटतो असं नाही. त्या सिनेमात काम करणाऱ्या बायकांविषयी त्यात काही नव्हतं. पण निदान ढोंग तरी नव्हतं.

आता मोबाइल. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १८ ओटीटी मंच बंद केले, जुलै २०२५ मध्ये आणखी २५. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या तक्रारी त्याने थांबलेल्या नाहीत, कारण त्यांच्या तक्रारी अ‍ॅपवरच्या सिनेमाच्या नाहीतच. प्रेमात असताना काढलेली चित्रफीत लग्न ठरल्यावर बाहेर आली. नवऱ्याने झोपेत फोटो काढले. चेहरा एकीचा, अंग दुसरीचं. यासाठी कायदे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई आहे, २०१३ पासून चोरून पाहणं आणि चित्रण करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि २०२१ च्या नियमांनी अशी चित्रफीत तक्रारीनंतर २४ तासांत काढायचं बंधन कंपन्यांवर घातलं. मुलगी चौकीत जाते तेव्हा मात्र तिला विचारतात, "काढू का दिलीस?"

म्हणून आम्ही पर्यायी मसुदा केला आहे. तक्रार त्याच दिवशी नोंदवून घ्यावी. चित्रफीत पुरावा म्हणून पोलीस ठाण्यात कोण पाहतं याची नोंद राहावी, ती हातोहात फिरू नये. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत तक्रारदार मुलीसोबत गटाच्या कार्यकर्तीला बसू द्यावं. घरात मारून करायला लावणं हा कौटुंबिक हिंसाचार आहे, तो २००५ च्या कायद्याखाली तसाच नोंदवावा. बंदीची मागणी त्यात नाही.

कल्याणच्या मैत्रिणींना हे पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं, रागाचंच आहे: "तुम्हाला बोलायला सोपं, आमच्या वस्तीत बारा वर्षांच्या पोरांच्या हातात हे आहे." खरं आहे, आणि मुलांशी याविषयी कोण आणि कसं बोलणार, याचं उत्तर आमच्या मसुद्यात नाही. त्या पुढच्या बैठकीला येणार आहेत. दोन्ही मसुदे समोर ठेवू. तुमच्या गटात अशी तक्रार आली असेल, पोलिसांनी काय केलं, चित्रफीत निघाली का, हे नावं न घालता लिहून पाठवा, म्हणजे बैठकीत हाताशी राहील.

— संपादक मंडळ