दाढ काढायची आहे? मग दात आधी साफ करून घ्या

दाढ ठणकायला लागली की आपली माणसे दोनच प्रश्न विचारतात. काढायला पैसे किती लागतील आणि मजुरीचे किती दिवस बुडतील? दातांची सफाई दाढ काढण्याआधी करायची की नंतर, हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्या मते तोही तितकाच महत्त्वाचा आहे.

हिरडीच्या कडेला साचलेले पिवळे किटण म्हणजे जंतूंचे घर. ते ब्रशने निघत नाही, दातांच्या डॉक्टरकडूनच काढून घ्यावे लागते. किटणाने हिरडी सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येते. अशा तोंडात दाढ काढली, तर ताजी जखम त्याच घाणीत राहते. म्हणून फार दुखणे किंवा सूज नसेल, तर आधी सफाई आणि साधारण आठवडाभराने दाढ, हा क्रम बरा. तोवर हिरडीची सूज ओसरते. लांबून येणाऱ्याचे काही डॉक्टर एकाच बैठकीत आधी सफाई करून मग दाढ काढतात. तसे जमेल का, हे विचारायला संकोच करू नका.

मात्र गाल सुजला असेल, पू येत असेल, ताप असेल, तर सफाईसाठी थांबू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर तडक रुग्णालय गाठा. अशा वेळी आधी उपचार, सफाई नंतर.

नंतर म्हणजे केव्हा? दाढ निघाल्यावर खळग्यात रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचे झाकण असते. ती निसटली तर हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत कळा जातात. म्हणून पहिले २४ तास जोराने चूळ भरू नये, सारखे थुंकू नये. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळूच चूळ भरावी. बाकीचे दात रोज घासावेत, फक्त जखमेला ब्रश लावू नये. साध्या दाढेनंतर सफाईला साधारण २ आठवडे थांबावे. हाड कापून अक्कलदाढ काढली असेल, तर डॉक्टर सांगतील तितके.

खर्रा, बिडी, मिसरी या काळात पूर्ण बंद हवी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा खिशात असतोच. जखम लवकर भरून येऊ न देणारा तोच. शुगर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरला आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

‘सफाई केली की दात हलतात’ हा समज आता सोडला पाहिजे. दात हलतात ते किटणाखाली हाड झिजल्यामुळे. किटण निघाले की लपलेले हलणे दिसते, एवढेच. वेळीच सफाई झाली, तर हिरडीच्या रोगाने जाणारे कितीतरी दात वाचतात.

पण सगळा दोष रुग्णाचा नाही. संग्रामपूर किंवा सिंदखेडराजाहून बुलढाण्याला येण्याजाण्यात दिवस जातो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सोडून बाई दोनदा कशी येईल? २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पण शासकीय दंत महाविद्यालयासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारखे लांबचे शहर गाठावे लागते. म्हणून सरकारी दवाखान्यांनी दाढ काढण्याची तारीख देतानाच सफाईचीही तारीख त्याच कागदावर लिहून द्यावी, अशी आमची मागणी आहे.

आणि एक अपेक्षा आपल्याच मंडळांकडून. १४ एप्रिलला गावोगावी आरोग्य शिबिरे होतात. दातांचे शिबिर घ्याल तेव्हा किती दाढा काढल्या, याचाच आकडा सांगू नका. सफाई किती जणांची झाली आणि काढलेल्या दाढेची जखम पुढच्या आठवड्यात कोण पाहणार, हेही फलकावर लिहा. काढलेला दात परत येत नाही. म्हणून आपल्या वस्तीत उपटण्याआधी वाचवण्याची सोय यायला हवी.