अकरा ते पाच

भोसरीत मुलींची खासगी शाळा काढायची गोष्ट निघाली की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "आता कशाला वेगळी शाळा? जग कुठं चाललंय!" दुसरा म्हणतो, "काढाच, म्हणजे पोरी सुखरूप राहतील." पहिला विरोधक, दुसरा पाठीराखा. माझं भांडण दोघांशी आहे, आणि खरं सांगायचं तर पाठीराख्याशी जास्त.

विरोधकाचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. एमआयडीसीत किंवा पुढं चाकणला या मुलींना पुरुषांच्या बरोबरीनं उभं राहायचं आहे. मग शाळेपासूनच सवय नको का? केरळच्या बालहक्क आयोगानं २०२२ मध्ये मुलामुलींच्या वेगळ्या शाळा बंद करून एकत्र शाळा करा, असा आदेश दिला, तो अशाच विचारानं. पण आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येच टाटा मोटर्सनं हॅरिअर आणि सफारीच्या जोडणीचं काम दीड हजारावर बायकांच्या हाती सोपवलं, तेव्हा त्याला कुणी मागासलेपणा म्हटलं नाही. उलट कौतुकाच्या बातम्या आल्या. विशीतल्या बाईला जे शोभतं ते चौदा वर्षांच्या मुलीला का शोभू नये? मिश्र वर्गात बर्नर पेटवायला मुलगा पुढं होतो आणि आकृती काढायला वही मुलीकडं जाते. मैदान पोरांचं, कडेचा कट्टा पोरींचा. हे कुणी ठरवत नाही, म्हणून ते मोडणंही कुणाचं काम नसतं. मुलींच्या शाळेत ही वाटणीच होत नाही. चढाई करणारी मुलगी, पकड करणारी मुलगी आणि रेषेवरून पंचाशी हुज्जत घालणारीही मुलगीच. कबड्डी-कुस्तीवर जीव टाकणाऱ्या भोसरीला हे जास्त समजावून सांगायला नको.

मात्र वेगळ्या शाळेचं खरं कारण याहून जुनं आहे. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्णपंत भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू केलं. पुढं हुजूरपागा म्हणून ते नावारूपाला आलं. टिळकांनी 'मराठा' आणि 'केसरी'तून त्याच्यावर टीका केली. अभ्यासक्रमावर तर केलीच, पण शाळेच्या वेळेवरही केली. अकरा ते पाच मुलगी शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार? सकाळी किंवा संध्याकाळी तीनेक तास पुरेत, असा त्यांचा सूर होता. टिळकांचा मुद्दा मला मान्य नाही, पण त्यांची नजर अचूक होती. शाळा मुलीचे सहा तास घराकडून काढून घेते, हे शाळेच्या पाठीराख्यांपेक्षा त्यांना लवकर कळलं.

आज त्या सहा तासांवर भोसरीत कोण हक्क सांगतं? बाप शिफ्टला, आई कंत्राटावर पॅकिंगला. शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणी. ते आलं की भरायला घरी कुणीतरी हवं. धाकटा भाऊ अंगणवाडीतून सुटला की आणायला कुणीतरी हवं. हे 'कुणीतरी' बहुतेक थोरली मुलगीच असते. मिश्र शाळेत नववीच्या वर्गातून अशा चार मुली गळाल्या तर पटावर फारसं कळत नाही, बाक मुलांनी भरलेले असतात. मुलींच्या शाळेत चार मुली गेल्या की तुकडीच हलते. मग बाईंना चप्पल घालून मुलीच्या खोलीपर्यंत जावं लागतं, आईची शिफ्ट सुटेपर्यंत दारात थांबावं लागतं. मुलगी टिकणं हे त्या शाळेचं स्वतःचं पोट आहे. वस्तीत शाळेचं स्थान ठरतं ते यावर. स्नेहसंमेलनाला कोण पुढारी आले, यावर नाही.

हुजूरपागेत शिकलेल्या इरावती कर्वे आणि शांता शेळके मराठी वाचकाला सांगायला नकोत. शांताबाईंचं बालपण मंचर-खेडकडचं, म्हणजे भोसरीवरून जाणाऱ्या याच नाशिक रस्त्यावरचं. या पट्ट्यातली मुलगी तेव्हा पुण्याच्या मुलींच्या शाळेत गेली आणि तिनं काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलं. तिला कुणी नुसतं सुखरूप ठेवलं नव्हतं.

आता पाठीराखा. त्याला शाळा हवी ती उंच भिंतीची. मुलाला बस लावून लांबच्या इंग्रजी शाळेत, मुलीला जवळच्या कन्याशाळेत. दहावी झाली की स्थळं बघायला मोकळे. अशी शाळा म्हणजे टिळकांचे तीन तास निराळ्या वाटेनं परत आणणं. भिंतीपलीकडच्या अंधाऱ्या गल्लीचं, बसथांब्याचं काय करायचं, यावर तो गप्प असतो. फीवरही गप्प असतो. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांचं छत्र आठवीपर्यंतच. नववीला फी समोर येते, आणि घरात एकाचीच भरायची असेल तर कुणाची भरली जाते, हे या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. हुजूरपागेच्या नावात चिंतामणराव पटवर्धन या संस्थानिकाचं नाव आहे. आता संस्थानिक नाहीत, पण २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावलं आहे. भोसरीतले बहुतेक वर्कशॉपवाले त्या कायद्याच्या कक्षेत येणार नाहीत, इतके ते लहान. तरी एखादं जुनं लेथ शाळेला देणं त्यांना जड नाही, आणि कासारवाडीला मुलींची आयटीआय आहे, तिथं जाणाऱ्या मुलीनं लेथ आधीच पाहिलेलं असेल.

शाळा काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: जाहिरातीत सीसीटीव्हीच्या वर नववी-दहावीची फी छापा, आणि ती कुणाला माफ होणार तेही छापा. तसं पत्रक निघालं तर देणगीची पहिली पावती माझ्या नावानं फाडा.