पाप कुणाचं?

राखेच्या बुधवारपासून घरात मटण बंद आहे. चहाही सोडायचं ठरवलं होतं, पण तो निश्चय दरवर्षीप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी मोडला. असो. आज लिहायचंय ते वेगळंच आहे.

आमच्या हिच्या डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली, त्याला चार वर्षं झाली. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून दिसलं असतं. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू निकामी होते आणि गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा टिकवण्यासाठी रोज थेंब घालायचे, एवढंच आपल्या हाती. हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. तरीही गेल्या लेंटमध्ये एका नातलगाच्या आग्रहाखातर फाट्यावरून बस धरून आम्ही एका प्रार्थनासभेला गेलो. रोगमुक्तीची सभा होती. तिथल्या बंधूंनी हिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि विचारलं, "ताई, दिसलं का?"

ही खरं बोलली. "नाही."

"मग घरात काही लपलेलं पाप असेल, ते कबूल करा. विश्वास कमी पडतोय." एकाने तर विश्वास दाखवायचा म्हणून थेंब बंद करा, असंही सुचवलं.

परतीच्या बसमध्ये ही गप्प होती. जिंतूर मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "अहो, माझं काय चुकलं असंल?"

नातलगांनो, राग धरू नका. पण मंडळी, हा प्रश्न नवा नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून बघा. लेंटच्या चौथ्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये दर तीन वर्षांनी हा उतारा वाचतात. जन्मांध माणूस समोर दिसताच शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. चिखल करून डोळ्यांना लावला आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं. इथवर सहा-सात ओव्याच काय त्या खर्ची पडल्या आहेत. बाकीचा सगळा अध्याय उलटतपासणीचा. परूश्यांना धर्मशास्त्र पाठ होतं, त्यामुळे शब्बाथाच्या दिवशी चिखल कालवणारा देवाकडचा असूच शकत नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं. समोर माणूस बघतो आहे, तरी हे शेवटी त्यालाच पापात जन्मलेला ठरवून हाकलून देतात. आपल्याला सगळं दिसतं अशी ज्याची खात्री, त्याचा आंधळेपणा बरा होत नाही, असं मला हा अध्याय वाचून वाटतं.

यात मीही आहे. १९८० च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. फळ्यावरचं उतरवून घेताना शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचा. मी छड्या मारल्या. बापाला बोलावून पोरांसमोर सुनावलं, "घरचं वळण नाही." बाप हात जोडून उभा राहिला. पुढच्या वर्षी शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं, त्याला फळाच दिसत नव्हता. वर्षभर ते लेकरू माझ्यासमोर डोळे बारीक करून बघत होतं आणि मी त्याच्या घरात दोष शोधत होतो. मी त्याची माफी मागितली नाही. मास्तरने माफी मागायची पद्धत नव्हती, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. एवढी संस्कृत पंडिता, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पण पुढे १९०७ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं, की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. त्यात हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूंचं पुस्तक उपयोगी पडल्याचं त्या सांगतात. या हॅस्लमसाहेबांचे डोळे उघडले ते व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश देताना! मास्तर लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आणि याच रमाबाईंना ऐकू कमी येत असे. इंग्लंडला वैद्यकी शिकायला गेल्या, तो बेत त्यापायी राहिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली, तरी बाईंचे कान बरे झाले नाहीत. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला, लेंटमध्येच, बाईही गेल्या. त्यांचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का? मुक्तीत अंध मुली होत्या, त्यांना ब्रेल शिकवलं जाई. पाप कुणाचं, हे विचारत बसले असते तर ब्रेल कुणी शिकवलं असतं?

प्रार्थना जरूर करा. आम्हीही रोज करतो. पण दिसलं नाही तर त्याचा हिशेब आजाऱ्याकडे मागू नका, आणि औषध तर मुळीच बंद करायला लावू नका.

आज संध्याकाळी हिला तो अध्याय वाचून दाखवला. चौकशीला बोलावल्यावर त्या माणसाचे आईबाप घाबरून म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. तिथे हिने मला थांबवलं. म्हणाली, "लेकराला पहिल्यांदा दिसायला लागलं, अन् त्या दिवशी आईबापानं एकटं सोडलं की हो."

एवढ्या वर्षांत मी तिथे कधी थांबलो नव्हतो.

आठ वाजले. थेंब घालायचेत.